स्पितीच्या खडीच्या वाटा

सायकल हे ग्रामीण महाराष्ट्राचे जुने आणि विश्वासू वाहन होय. पोस्टमन, प्राथमिक शिक्षक, तलाठी, दूधवाले यांनी कित्येक वर्षे मुरमाच्या रस्त्यांवरून आणि पाणंदींतून सायकल हाकली; तथापि त्यांच्यापैकी कोणीही त्यास खेळ म्हटले नाही. कच्च्या रस्त्यावरून सायकल चालविणे हा गरजेचा भाग होता आणि डांबरी रस्ता झाला म्हणजे सुटलो, अशीच सर्वांची भावना होती.

गेल्या सुमारे वीस वर्षांत मात्र जगाच्या अनेक भागांत याच कच्च्या रस्त्यांकडे सायकलस्वार हौसेने वळू लागले आहेत. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरील दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत भरविली. या सायकलींना ‘ग्रॅव्हल बाईक’ असे नाव पडले. ग्रॅव्हल म्हणजे खडी. मोठी मोटारवाहतूक नसलेली, डांबर न पडलेली, गावांना गावे जोडणारी वाट ही या सायकलस्वारांची आवडती वाट होय.

आपल्या देशात अशा वाटांचा विचार करू लागल्यास हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुण्यामुंबईचे अनेक तरुण दरवर्षी तिकडे जातात, शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही निघतात. यास्तव या वाटांची माहिती, त्यांतील धोके आणि तेथील ग्रामस्थांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ, यांचा थोडा सविस्तर परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

खोऱ्याचे स्वरूप

लाहौल-स्पिती जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,८३५ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी ३१,५६४ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम दोन माणसे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात मावतील एवढी माणसे तेथे संपूर्ण जिल्हाभर विखुरलेली आहेत. स्पिती हा या जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग असून काझा हे त्याचे मुख्य ठिकाण आहे.

हिमालयाची मुख्य रांग मोसमी पाऊस अडविते. त्यामुळे तिच्या पलीकडील हे खोरे पर्जन्यछायेत येते. झाडे तुरळक, डोंगर उघडे, माती सैल आणि हिवाळा कडक, अशा या प्रदेशास ‘शीत वाळवंट’ म्हणतात. शेती पूर्णपणे वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर अवलंबून आहे. हे पाणी डोंगरकड्यांवरून लहान पाटांनी गावात आणलेले असते. या पाटांना तेथे ‘कूल’ म्हणतात. पाण्याची पाळी गावाने ठरवायची, पाटाची दुरुस्ती गावाने करायची, ही पद्धत फड पद्धतीशी परिचित असलेल्या धुळे-नाशिककडील वाचकांस ओळखीची वाटेल. पूर्वी मुख्य पीक जव होते. आता हिरवा वाटाणा हे नगदी पीक झाले आहे. कारण मैदानी प्रदेशात वाटाण्याचा हंगाम नसतो त्या दिवसांत येथील शेंग तयार होते व तिला चांगला भाव येतो. मात्र ती ताजी असतानाच बाजारात पोहोचली पाहिजे. येथून पुढे जे रस्त्याविषयी सांगावयाचे आहे, त्याचा संबंध या वाटाण्याशी आहे, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

दोन दारे

स्पितीत शिरण्यास दोन मार्ग आहेत. पहिला सिमल्याहून किन्नौरमार्गे सतलजच्या काठाने जातो. १८५० मध्ये बांधकाम सुरू झालेल्या जुन्या हिंदुस्थान-तिबेट मार्गाची दिशा साधारणतः हीच होती. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून वळून नाको, सुमदो, ताबो या गावांवरून काझा गाठता येते. दुसरा मार्ग मनालीकडून येतो. ग्रामफूपाशी लाहौलचा रस्ता सोडून तो चंद्रा नदीच्या काठाने छतरू व बातल येथे जातो आणि ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून लोसरमार्गे काझास पोहोचतो. खाबपासून काझावरून ग्रामफूपर्यंतचा हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५०५ होय. कुंझुम खिंड हिवाळ्यात हिमवृष्टीने बंद होते व उन्हाळ्याच्या प्रारंभी बर्फ हटविल्यावर उघडते. त्या काळात किन्नौरचा मार्ग हाच खोऱ्याचा आधार असतो.

नवख्या सायकलस्वाराने कोणत्या दाराने आत जावे? याचे उत्तर निःसंदिग्धपणे किन्नौरच्या दाराने, असे आहे. रेकाँग पिओ सुमारे २,३०० मीटरवर, ताबो सुमारे ३,३०० मीटरवर आणि काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे. वाटेतील नाको उंचावर असले तरी चढ एकंदरीत क्रमाक्रमाने येतो आणि शरीरास विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळतो. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर. तेथून निघाल्यास दोन-तीन दिवसांतच साडेचार हजार मीटरची उंची गाठावी लागते. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. कुंझुम खिंड त्याच्या पावणेतीन पट उंच आहे, एवढे सांगितले म्हणजे या फरकाचा अर्थ स्पष्ट होईल. किन्नौरमार्गे आत जाऊन शेवटी कुंझुमवरून बाहेर पडणे हा शहाणपणाचा क्रम होय. भारतीय नागरिकांस या मार्गासाठी वेगळा परवाना लागत नाही. तथापि सीमाभाग असल्याने ओळखपत्र सोबत असणे इष्ट. परदेशी नागरिकांस मात्र रेकाँग पिओ ते ताबो या टापूसाठी परवाना घ्यावा लागतो.

वाटांचा परिचय

ताबो ते काझा हे अंतर सुमारे ४७ किलोमीटर असून रस्ता नदीकाठाने जातो. ताबोचा बौद्ध मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. त्याच्या भिंती मातीच्या आहेत. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात त्याची हानी झाली. तथापि आतील प्राचीन भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात. वाटेत शिचलिंगजवळून धनकरचा फाटा फुटतो. सुमारे आठ किलोमीटरच्या वळणावळणाच्या चढानंतर स्पिती व पिन या नद्यांच्या संगमावर उभा असलेला धनकर मठ दिसतो. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. पायांची व श्वासाची पहिली परीक्षा घेण्यास हा चढ योग्य आहे. कारण थकल्यास उतरून मागे येता येते.

अत्तरगू पुलापाशी पिन नदीचे खोरे सुरू होते. येथून मुद या शेवटच्या गावापर्यंत जाणारा रस्ता या सबंध प्रदेशातील अतिशय रमणीय रस्त्यांपैकी एक म्हणता येईल. डोंगरावरून घसरून आलेल्या दगडगोट्यांच्या उतरणी ओलांडताना सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत नेणे हाच सुरक्षित मार्ग. त्यात कमीपणा नाही.

काझाच्या माथ्यावर लांग्झा, हिक्कीम व कोमिक या तीन गावांची फेरी आहे. तिन्ही गावे ४,४०० मीटरच्या आसपास वा त्याहून उंच असून कोमिक ४,५८७ मीटरवर आहे. हिक्कीमचे टपाल कार्यालय १९८३ पासून कार्यरत असून ते जगातील अतिशय उंचावरील टपाल कार्यालयांत गणले जाते. लांग्झाच्या परिसरात सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी येथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्याचा हा पुरावा. भूगोल शिकविणाऱ्या शिक्षकास याहून बोलका धडा मिळणार नाही. मात्र ते दगड तेथेच राहू द्यावेत.

काझाच्या दुसऱ्या अंगास की मठ, किब्बर व चिचम ही वाट आहे. किब्बर व चिचम यांच्यामध्ये खोल दरी असून २०१७ मध्ये तीवर पूल झाला. त्यापूर्वी गावकरी दोरावरील पाळण्यात बसून दरी पार करीत. आज सायकलस्वार पुलाच्या मध्यावर थांबून छायाचित्र घेतो. चिचमच्या ग्रामस्थांना तो पूल मिळण्यास किती वर्षे लागली, याचा विचारही त्याने क्षणभर करावा.

काझाहून लोसर सुमारे ५७ किलोमीटर, तेथून कुंझुम सुमारे १९ किलोमीटर व पुढे ग्रामफूपर्यंत सुमारे ६० किलोमीटर. बातलहून सुमारे १४ किलोमीटरवर चंद्रताल सरोवर आहे. २००५ साली त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. बातल ते छतरू हा टप्पा सर्वांत खडतर. रस्ता पुष्कळ ठिकाणी नदीच्या गोट्यांतूनच जातो आणि नाले थेट रस्त्यावरून वाहतात. येथे एक नियम पाळावा. पहाटे बर्फ गोठलेले असल्याने नाल्यास पाणी कमी असते. दुपारी ऊन चढले की बर्फ वितळून तोच नाला छातीत धडकी भरेल असा वाहू लागतो. यास्तव नाले सकाळीच ओलांडावेत. दुपार झाली असेल तर काठावर मुक्काम करून सकाळची वाट पाहावी.

हवा, पाणी आणि सायकल

साडेचार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के उरतो. म्हणजेच प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढ्याच प्रमाणात घटतो. पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे ८५ अंशांवरच उकळते, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. सायकलच्या चाकासही हा नियम लागू आहे. बाहेरचा दाब कमी झाल्याने मैदानात भरलेल्या चाकाचा दाब त्या उंचीवर दर चौरस इंचास सुमारे सहा पौंडांनी अधिक भरतो. खडीवर चाक थोडे मऊ असावे लागते, तरच ते दगडावर न उडता त्यास धरून चालते. म्हणून वर गेल्यावर थोडी हवा सोडावी.

चाकाचे टायर ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचे असावेत. चढासाठी सर्वांत हलका गिअर जितका हलका मिळेल तितका चांगला. चकतीचे ब्रेक, त्यांच्या जादा पट्ट्या, दोन ट्यूबा, हातपंप, साखळीची कडी आणि ती जोडण्याचे हत्यार एवढे साहित्य प्रत्येकाजवळ स्वतंत्र असावे. कारण सोबती कित्येक किलोमीटर पुढे वा मागे असतो.

खडीच्या रस्त्यावर जागोजागी पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटलेल्या दिसतात. वाहन ठरावीक वेगापलीकडे गेले की चाक सुट्या खडीवर उसळते, जेथे आदळते तेथे खळगा पडतो आणि पुढचे प्रत्येक चाक तो खळगा अधिक खोल करते. रोलर फिरविला तरी वाहतूक त्याच वेगाने सुरू राहिल्यास लाटा पुन्हा उमटतात. आपल्या ग्रामीण मुरूम रस्त्यांवरही हेच घडते. दोष नेहमी कंत्राटदाराचाच नसतो, ही बाब पंचायत सदस्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

विरळ हवेचा धडा

तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे ही पहिली लक्षणे. चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता, बसल्या जागी धाप लागणे ही लक्षणे प्राणघातक आजाराची असून त्यावर खाली उतरणे हाच पहिला उपाय होय. रात्र असली तरी उतरावे.

प्रस्तुत लेखकाने हा संकेत वाचलेला होता. तरीही काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात मित्रांसमवेत तिकडे गेलो असता, रजेचे दिवस मोजके म्हणून आम्ही काझाची विश्रांती गाळली आणि दुसऱ्याच दिवशी लांग्झाची चढण धरली. दुपारपर्यंत माझे डोके ठणकू लागले, खाल्लेले पोटात ठरेना. आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि मुक्कामाचे पैसे नकोत, गाडी येते आहे, तुम्ही आताच खाली जा, असे बजावले. त्या रात्री काझास उतरलो आणि सकाळी डोके हलके झाले. दोष सर्वस्वी माझा होता. रजेच्या अर्जावरील तारखा डोंगराला ठाऊक नसतात, हे मला त्या दिवशी उमगले. सहल नेणाऱ्या शिक्षकांनी वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

जुलै २०२३ मध्ये अवेळी हिमवृष्टीमुळे चंद्रताल येथील तंबूंत अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते. शासकीय यंत्रणेने स्थानिक लोकांच्या साहाय्याने रस्ता मोकळा करून त्यांची सुटका केली. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या बाजूस दरडी कोसळतात. सप्टेंबर महिना त्या मानाने स्थिर असतो.

रस्ता कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लांग्झाच्या त्याच घरी, प्रकृती बिघडण्यापूर्वी, चहा घेताना मी रस्त्याची स्तुती केली. डांबर नाही हे किती चांगले, असे काहीसे बोलून गेलो. बाईंनी शांतपणे सांगितले की, वाटाण्याची पोती या रस्त्याने खाली जाताना शेंग दबते आणि व्यापारी भाव पाडतो. हिवाळ्यात घरातील वृद्धेस दवाखान्यात नेताना प्रत्येक धक्क्यास ती कण्हत होती. तुम्ही दोन दिवसांसाठी येता, तुम्हास खडी आवडते. आम्हास बारा महिने राहायचे आहे. मग त्यांनीच विचारले, रस्ता डांबरी झाला तर तुम्ही सायकलवाले येणार नाही काय?

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुष्कळ विचारान्ती जे वाटते ते येथे मांडतो.

रस्ता प्रथम त्या गावाचा आहे. सीमा सडक संघटनेने महामार्ग ५०५ च्या रुंदीकरणाचे काम हाती घेतले आहे आणि गावांचे रस्तेही टप्प्याटप्प्याने डांबरी होत आहेत. पाहुण्याच्या हौसेसाठी गावाने धक्के सोसावेत, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. सायकलस्वारानेही हे मोकळ्या मनाने मान्य करावे.

तथापि नवा रस्ता होतो तेव्हा जुनी वाट मागे उरते. पुलाच्या आधीची दरीतली पायवाट, नवीन वळणामुळे सुटलेला जुना रस्ता, कूलच्या कडेने जाणारी वाट, कुरणाकडे याक नेण्याची वाट, या सर्वांस फार खर्च लागत नाही. वर्षातून एकदा दरड बाजूस केली, पाण्याची निचरा-चर मोकळी केली, तर त्या माणसांस, जनावरांस आणि सायकलस्वारांसही उपयोगी पडतात. मोटारींसाठी डांबर आणि सायकलींसाठी जुनी वाट, अशी विभागणी झाल्यास कोणाचेच नुकसान नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. मोटारीतून येणारा पर्यटक काझाच्या हॉटेलात उतरतो आणि गावे दुपारी पाहून परततो. सायकलस्वारास मात्र दर तीस-चाळीस किलोमीटरवर अन्न, पाणी आणि निवारा लागतोच. हिमाचल प्रदेश शासनाने २००८ मध्ये घरगुती निवासाची योजना सुरू केली. त्यामुळे ज्यांच्याकडे एक-दोन खोल्या रिकाम्या आहेत अशा कुटुंबांस नोंदणी करून पाहुणे ठेवता येऊ लागले. सायकलस्वार थोडा खर्च करतो. परंतु तो थेट घरात पडतो.

तिसरी गोष्ट पाणी व कचरा यांची. कूलमध्ये बर्फ जितके, तितकेच पाणी. पाहुण्याने आंघोळीची अपेक्षा धरली तर ते पाणी शेताचे असते. प्लॅस्टिकची बाटली कुजत नाही, ती वर्षानुवर्षे तशीच राहते. आपला कचरा आपण खाली घेऊन येणे, हा नियम आहे.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात साडेचार हजार मीटर उंचीच्या खिंडी नाहीत. परंतु जुन्या घाटवाटा, धरणांच्या कालव्यांकडेचे सेवारस्ते आणि गावोगावच्या पाणंदी आहेत. पाणंद रस्ते मोकळे व मजबूत करण्याचे काम २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून हाती घेण्यात आले. ते शेतकऱ्यासाठी आहे व तसेच असावे. ते करीत असताना ग्रामपंचायतीने तीन नोंदी जरूर कराव्यात. गावातील कोणती जुनी वाट आता वापरातून गेली आहे? तीवर पिण्याच्या पाण्याचे ठिकाण कोठे आहे? आणि त्या वाटेवर पाहुणा आल्यास दुपारचे जेवण देऊ शकेल असे घर कोणते? गावच्या शाळेतील मुले सायकलवर फिरून एका रविवारी हा नकाशा तयार करू शकतील. त्यासाठी शासकीय निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

लांग्झाच्या बाईंचा प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. रस्ता डांबरी झाला तरी सायकलवाले येतील, असे आज मी त्यांना सांगेन. खडी तर आपल्याकडेही आहे. आजारी पाहुण्यास मुक्कामाचे पैसे न घेता वेळेवर खाली पाठविणारे घर त्या डोंगरावर आहे, हे कळल्यावर माणूस पुन्हा तो चढ चढतो. मात्र या वेळी काझास एक दिवस विश्रांती घेऊन.